गेलेले आटे परत येतात!

इंजिनच्या केसिंगचे आटे गेले की केसिंगच गेलं, असं आजवर मला ज्याने त्याने सांगितलं होतं. ते साफ खोटं निघालं, तेही माझ्या डोळ्यांदेखत! तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगतोय. गेलेले आटे परत येतात, आणि नुसते येत नाहीत, कंपनीने पाडले होते त्याहून भक्कम होऊन येतात!

राहुरी ते नगर हा माझा रोजचा रस्ता. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण बसस्टँडवर अजून ‘नगर, नगर’ हीच हाळी कानावर येते.) उसाच्या ट्रॉल्या, खड्डे, डायव्हर्शन या सगळ्यातून गाडी धडधडत जाते आणि तिचा एकेक बोल्ट ढिला होत जातो. आज सायलेन्सरचा, उद्या फूटरेस्टचा, परवा कॅरिअरचा. दुधाच्या किटल्या लावून पहाटे निघणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. ढिला झाला की आवळा, परत ढिला झाला की अजून जोर लावून आवळा, एवढाच उपाय इथे सगळ्यांना ठाऊक. अशाच कुणाच्या तरी जोरात माझ्या गाडीच्या ऑइलचा ड्रेन बोल्ट एक दिवस नुसताच फिरायला लागला. घट्टही होईना, धड बाहेरही येईना, आणि खाली ऑइलची टिपटिप सुरू.

एक जण म्हणाला, केसिंग बदला. म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं. दुसरा म्हणाला, टेफ्लॉन टेप गुंडाळून वरून सील फासतो. तिसरा जाड बोल्ट ठोकून बसवायला निघाला होता. शेवटी एकाने केडगावच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता दिला.

“काका, केसिंग बदलावं लागेल का हो?”

“कशाला बदलता, सर? चार आटे गेल्यात, इंजिन नाही गेलं. नवे आटे घालून देतो.”

त्यांनी एका डबीतून तारेचं एक छोटं वेटोळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. हेलिकॉइल! स्टेनलेस स्टीलची तार, पण गोल नव्हे. कापून पाहिली तर शंकरपाळीसारखी चौकोनी दिसेल अशी. त्यामुळे वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगालाही आटे होतात आणि आतल्या अंगालाही. एका टोकाला तार आत वळवून बारीकशी शेपटी काढलेली. बस, एवढंच! या एवढ्याशा तारेसाठी लोक अख्खं केसिंग भंगारात घालतात.

मग काकांनी कामाला हात घातला आणि मी तिथून हललो नाही. ऑइल काढलं, पेट्रोल काढून घेतलं, गोणपाटावर गाडी आडवी केली. ड्रिलच्या बिटाला ग्रीस चोपडलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. गुण्या लावून ड्रिल सरळ धरलं आणि खराब आटे काढून टाकले. भोक किती वाढवायचं याचं माप ठरलेलं असतं: ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ६.३, ८ च्या बोल्टला ८.३. अंदाजपंचे काही नाही. मग नवे आटे पाडायचा हेलिकॉइलचा खास टॅप. रॉकेलचे दोन थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा पुढे. मागे फिरवलं की आतला कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. तो चकचकीत कीस फडक्यावर जमत होता आणि मऊ अ‍ॅल्युमिनिअममध्ये एकेक नवा आटा उमटत होता. मी डोळ्याने पाहिला!

वेटोळं दांडीवर चढवलं, शेपटी खाचेत अडकवली आणि हलक्या हाताने आत फिरवत नेलं. वेटोळं मुळात भोकापेक्षा किंचित मोठं असतं. आत जाताना ते आवळलं जातं आणि दांडी सोडली की फुलून भिंतीला गच्च बसतं. पृष्ठभागाच्या जरासं खाली थांबवायचं, मग बारीक चिमट्याने शेपटी मोडून बाहेर काढायची. गाडी उभी करून थोडं ताजं ऑइल आतून वाहू दिलं, चुकूनमाकून राहिलेला कीस धुऊन गेला. बोल्ट नवा, वॉशर नवा. हाताने फिरवला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

आणि हे मूळपेक्षा भक्कम का, ते ऐका. पूर्वी पोलादी बोल्ट थेट मऊ अ‍ॅल्युमिनिअमला घासत होता. आता तो घासतो स्टीलला. शिवाय साध्या आट्यांत ओढीचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या पहिल्या आट्यावर येतो, म्हणून आधी तोच तुटतो, मग पुढचा. तारेचं वेटोळं जरासं लवतं आणि ओझं सगळ्या आट्यांत वाटून देतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत हीच युक्ती वापरली गेली. विमानाला चालली ती माझ्या गाडीला का नाही चालणार?

पण मला खरं येडं केलं ते काकांच्या पुढच्या बोलण्याने. “बोल्ट आवळला की तो ताणतो, सर. त्या ताणानेच धरून ठेवतो.” मी घरी जाऊन वाचत सुटलो, आणि खरंच तसं आहे! आपण पान्यावर लावतो त्या जोरातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. म्हणूनच आट्यांना ऑइल असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो आणि आटे खातो. आणि ताण कमी पडला, की जोडलेले दोन भाग आडवे सरकायला लागतात. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की बोल्टला सगळ्यात जास्त ढिला करतो तो हा आडवा हादराच. मग स्प्रिंग वॉशर? नासाच्या १९९० च्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय, की पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वॉशरहून जास्त काही करत नाही. आपण आयुष्यभर ज्याच्या भरवशावर होतो तो हा!

त्याऐवजी थ्रेड लॉकचा एक थेंब. व्हर्नन क्रीबल या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९५३ मध्ये शोधलेलं हे रसायन हवेत पातळच राहतं, आणि आट्यांमध्ये हवा तुटून धातू लागला की घट्ट होतं. निळं असेल तर पान्याने सुटतं, लाल असेल तर तापवावं लागतं. कॅरिअर, फूटरेस्ट, नंबर प्लेट इथे निळं लावा. सायलेन्सरजवळ नको, तिथली उष्णता त्याला सोसत नाही. ड्रेन बोल्टलाही नको, तो दर वेळी सोडायचा असतो.

हे शिकायला नगरसारखं गाव नाही! १९७२ मध्ये ‘लुना’ मोपेड याच गावात तयार झाली, फिरोदियांच्या कायनेटिकमध्ये. लष्कराच्या वाहनांची तपासणी करणारी व्हीआरडीई ही संस्था इथलीच, आणि रणगाड्यांचं संग्रहालयही इथलंच. परवा तिथे गेलो तर रणगाड्याची तोफ बघायचं सोडून मी चाकांवरच्या नटांच्या रांगा बघत बसलो. नागापूर एमआयडीसीत तर टॅप, डाय, लेथ यांच्यावर आयुष्य काढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. जुनी बुलेट घेऊन गेलात तर ती आधी आट्यांचा गेज लावून बघतात, कारण जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे आटे सापडतात आणि त्यात मिलिमीटरचा बोल्ट घातला की दोन्ही गेले. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेला कोन ५५ अंशांचा, आपल्या आजच्या मेट्रिक आट्यांचा ६०. पाच अंशांचा फरक, पण तो डोळ्याला दिसत नाही आणि आट्याला सोसत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. किती जोर लागला ते दाखवणारा एक टॉर्क रेंच घ्या, एकट्याला परवडत नसेल तर चार मित्रांत मिळून घ्या. ६ मिलिमीटरचा बोल्ट अ‍ॅल्युमिनिअममध्ये साधारण १० न्यूटन मीटरच मागतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो, तो बघा. बोल्ट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवा, मगच पाना लावा. आणि बोल्ट नुसता फिरायला लागलाच, तर जाड बोल्ट ठोकू देऊ नका, केसिंग बदलू देऊ नका. गॅरेजमध्ये पहिलं हेच विचारा, “हेलिकॉइल घालून देता का?” नाही म्हणाले, तर गाडी ढकलत पुढच्या गॅरेजला न्या.