रोजमेळ

मुखेडच्या मोंढ्यात एका आडतीवर टेकलो होतो. ज्येष्ठातली दुपार, आवक नाही, हमाल थप्पीच्या सावलीत आडवे झालेले. मुनीमजी मात्र रोजमेळ लिहीत होते. डोकावलो, तर वर तारीख आणि आरंभीची शिल्लक, मधे कोरं, खाली अखेरची शिल्लक. दोन्ही आकडे एकच.

"धंदा झाला नाही म्हणून पान सोडता येत नसतंय, सर."

हेवा वाटला. पहाटे उठून दोन पानं लिहायचा नेम मीही धरलाय. पानं भरतात, शिल्लक कालचीच. पहाटे लिहिणाऱ्यांचे गोडवे मला तसेही सोसत नाहीत. आमच्याकडे पहाट ही नळाला पाणी यायची वेळ.

समर्थांनी रोज काहीतरी लिहायला सांगितलं, हे शाळेच्या भिंतींनी पाठ करून घेतलं. त्याला जोडूनच त्यांनी अखंड वाचायलाही सांगितलंय. तेवढी जागा भिंतीवर उरली नसावी.

बी. रघुनाथ आठवतात. भगवान रघुनाथ कुलकर्णी, परभणीत बांधकाम खात्यात नोकरी. निजामाचं राज्य, कारभाराची भाषा उर्दू. दिवसभर सरकारी कागद हाताळायचे आणि घरी येऊन मराठीत लिहायचं. जन्म १९१३चा, गेले १९५३ साली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात सात कादंबऱ्या; कविता नि कथा निराळ्याच. व्याख्यानांतून त्यांच्या चिकाटीचे दाखले देतात, ते मला पटत नाही. चिकाटी तर त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडेही असेल. तोही रोज वेळेवर येऊन कागद भरतच असेल. भोवती रझाकारांचा धिंगाणा, मग पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतर तीच माणसं त्याच गावांत पुन्हा शेजारी म्हणून राहणार. हे ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्याला बैठक घालावी लागत नसेल, उठावंच वाटत नसेल. त्यांच्या एका कादंबरीचं नावच ‘जगाला कळले पाहिजे’. गजर लावून उठणाऱ्याला असं नाव सुचत नाही. मला जगाला काय कळवायचंय, हे मात्र कुठल्याच पहाटे सापडलेलं नाही.

अरुण कोलटकरांचा मराठी संग्रह १९७७ साली आला, त्यानंतरचे थेट २००३च्या सुमारास. मधल्या काळात ते लिहीत होतेच, छापायची घाई नव्हती. तेवढं थांबायला आपल्याकडे संपादक तयार नसतात. आषाढ लागला की दिवाळी अंकाचे फोन सुरू. यंदा एकांना सांगून टाकलं, लेख होणार नाही.

"हरकत नाही," ते म्हणाले, "मग जुनाच एखादा पाठवा."