चार घोडे

मुलांचा गलका ऐकण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्या मास्तराला घरातली शांतता बोचावी, ही गंमतच म्हणायची. पण गेल्या वर्षी मे महिन्यात ती मला बोचली खरी. माझा भाचा सुट्टीला लोणावळ्याला आला होता. आला म्हणजे अक्काने धाडला होता. "तू मास्तर ना? मग याला जरा बोलता कर," ती फोनवर म्हणाली. भाऊजींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. पोरगा रडला नाही, भांडला नाही; कानांवर काळे हेडफोन चढवून बसला, तो बसलाच.

मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. कागदावरच्या मुलांना मी हवे तेव्हा रडवतो आणि पुढच्या प्रकरणात हसवतो. हे हाडामांसाचे पोर मात्र दाद देईना. मी चिक्की आणली, त्याने मुकाट्याने खाल्ली. गोष्टी सांगितल्या, त्याने मान डोलावली. पण ती माझ्या गोष्टीला की कानांतल्या तालाला, हे समजायला मार्ग नव्हता.

एके दिवशी तो अंघोळीला गेला आणि मी ते हेडफोन चोरून कानांना लावले. असा दचकलो म्हणता! ढोल म्हणावे तर इतक्या वेगाचे ढोल मी उभ्या जन्मात ऐकले नव्हते; आणि गाणारा गात कुठे होता? तो घशाच्या तळातून गुरगुरत होता.

"आवडलं का मामा?"

भाचा ओल्या केसांनी दारात उभा होता. चार दिवसांत त्याने आपणहून बोललेले हे पहिले वाक्य. 'नाही' हा शब्द मी गिळला आणि विचारले, "हे ओरडतंय कोण?"

मग त्याने सांगितले. या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात. अथेन्स शहरात 1987 साली साकिस आणि थेमिस तोलिस या दोघा भावांनी 'रॉटिंग ख्राइस्ट' नावाचा वाद्यवृंद काढला. (या नावाचे भाषांतर दिवाळी अंकात देण्याजोगे नाही, वाचकांनी क्षमा करावी.) ते गाणे त्यांच्या 2007 सालच्या 'थिओगोनिया' या संचातले होते.

हे नाव ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. थिओगोनिया म्हणजे देवांची जन्मकथा! सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी हेसिओड या ग्रीक कवीने याच नावाचे काव्य रचले. त्यातला क्रोनोस सत्ता जाईल या भयाने पोटची पोरे गिळतो. धाकट्याच्या वेळी आई त्याला दुपट्यात धोंडा गुंडाळून देते आणि मूल वाचते. तोच पुढे देवांचा राजा झ्यूस. आपल्या कंसाचीच आठवण व्हावी!

"मुंबईच्या पोरांनीही असं केलंय," भाचा म्हणाला. "'डेमॉनिक रेझरेक्शन'चा 2017 चा 'दशावतार'. मत्स्य, कूर्म, वराह, एकेका अवताराचं एकेक गाणं."

"उद्या तुला आपल्याकडचे ग्रीक दाखवतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलने मळवलीला उतरून आम्ही भाज्याची लेणी चढलो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले हे काम. एका विहाराच्या ओवरीत दाराच्या एका अंगाला हत्तीवरचा इंद्र आणि दुसऱ्या अंगाला रथातला सूर्य कोरलेला आहे. निदान बहुतेक जाणकार त्यांना इंद्र आणि सूर्यच म्हणतात. रथाखाली भेसूर राक्षस चिरडले जात आहेत. भाच्याने बोटाने घोडे मोजले.

"मामा, चारच! सूर्याला सात असतात ना?"

"आपल्या पुराणांत सात. ग्रीकांच्या हेलिओसला चार."

"'हेलिओस हायपेरिऑन' नावाचं गाणं आहे त्यात!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे लकाकले.

तिथून पायीच कार्ल्याला गेलो. तिथल्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले आहेत. खांबांवर ब्राह्मी लिपीत तसे कोरले आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेला माणूस. घर सोडून इतक्या दूर आलेल्या माणसाला परक्या डोंगरात एक खांब उभारावासा वाटला, हे मला नेहमीच हलवून जाते.

चैत्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ. कुणा कोळी कुटुंबाचा गोंधळ चालला होता. संबळ असा कडाडत होता, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. मी सहज वळून पाहिले. भाच्याने हेडफोन गळ्यात उतरवले होते आणि तो ऐकत होता.

उतरताना तो एका पायरीवर बसला. "मामा, बाबांनी त्या रात्री मला हाक मारली होती. आई स्वयंपाकघरात होती, तिला ऐकू आली. मी शेजारच्या खोलीत होतो. माझ्या कानांत हे होतं."

मास्तरकीची इतकी वर्षे आणि चार कादंबऱ्या. पण त्या पायरीवर मला एक वाक्य सुचले नाही. 'तुझा काय दोष' हे खरे होते, पण ते त्याला सगळ्यांनी सांगून झाले असणार. मी हात पुढे केला. "त्यातलं शेवटचं गाणं कोणतं?"

"'थ्रेनडी.' म्हणजे शोकगीत."

"लाव."

त्याने ते हेडफोन माझ्या कानांवर बसवले आणि स्वतः उघड्या कानांनी शेजारी बसला. मी ते गाणे अखेरपर्यंत ऐकले. ते मला आवडले असे म्हटले तर खोटे होईल. पण ते ओरडणे आता मला परके वाटेना. मघाशी संबळ ऐकताना ती कोळीण मावशी डोळे पुशीत होती, तिला कुठे कुणी म्हणाले होते, की आवाज कमी करा?

गाणे संपले. हेडफोन काढले तेव्हा माझ्या शेजारी पोरगा हमसाहमशी रडत होता. येणारेजाणारे पाहत होते. मी त्याला गप्प केले नाही.

बऱ्याच वेळाने तो नाक पुसत म्हणाला, "मामा, भूक लागली."

आम्ही खाली उतरून वडापाव खाल्ला. मळवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना त्याने खिशातून फोन काढला. मला वाटले, पुन्हा गाणे. पण तो म्हणत होता, "आई, मी बोलतोय. ऐकू येतंय ना?"