ऐशबाग : मैदान आहे, संघ कुठे आहे?

भोपाळ आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले ते याच भोपाळच्या परिसरात. पुढे 1812-13 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी या शहराला वेढा घातला, आणि वजीर मुहम्मद खाँ यांनी तो चिकाटीने परतवला. आज नव्या भोपाळातील एक मोठी वसाहत तात्या टोप्यांचे नाव मिरवते. मात्र स्थानिक जिभेवर ते 'टी. टी. नगर' असे आखडून बसले आहे. 1956 साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्यानंतर सरकारी कचेऱ्या आणि भेलचा कारखाना यांच्या ओढीने अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली.

अशा एखाद्या आप्ताकडे आपण उतरलो, की तो आपल्याला मोठा तलाव दाखवतो, ताजुल मसाजिदच्या प्रशस्त प्रांगणात नेतो, सवड असेल तर सांची आणि भीमबेटका घडवून आणतो. ऐशबागला मात्र सहसा कोणी नेत नाही. आम्ही मुद्दाम तेथे गेलो.

ऐशबाग ही रेल्वेमार्गालगतची दाट वस्ती. 2025 साली येथील नव्या उड्डाणपुलाच्या काटकोनी वळणाचे छायाचित्र देशभर गाजले आणि सात अभियंत्यांवर निलंबनाची पाळी आली; त्यामुळे हे नाव अनेकांनी तेव्हा प्रथमच ऐकले असेल. परंतु हॉकीच्या जाणकारांना ते फार आधीपासून ठाऊक आहे. चिंचोळे रस्ते, दुकानांची गर्दी, रिक्षांचा कलकलाट यांतून वाट काढत आपण ऐशबाग स्टेडियमपाशी पोचतो आणि एवढ्या दाटीत एवढी मोकळी जागा टिकली कशी, याचेच आधी नवल वाटते.

ती टिकली, कारण या शहराला हॉकीचे वेड होते. नवाब हमीदुल्ला खाँ 1926 साली गादीवर आले. स्वतः पोलोचे नामांकित खेळाडू असलेले हे नवाब 1935 ते 1937 या काळात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांच्या कारकिर्दीत, 1931 मध्ये, त्यांचे दिवंगत बंधू ओबेदुल्ला खाँ यांच्या नावाने सुवर्णचषक स्पर्धा सुरू झाली. देशभरचे संघ भोपाळला येऊ लागले. 'भोपाळ वाँडरर्स' हा येथील संघ दूरदूरच्या शहरांत दबदबा बाळगून होता. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या विजयी चमूत अहसन मुहम्मद खाँ आणि अहमद शेर खाँ हे दोन भोपाळकर होते. एका लहानशा संस्थानाच्या दृष्टीने ही काही थोडी कमाई नव्हे.

या वैभवाचा मालक कोण होता? उघडच आहे : नवाब. हॉकीपटूंची कदर दरबारात होती आणि स्पर्धेला राजाश्रय होता. आपल्या वाचकांना शेजारच्या इंदूरचे उदाहरण अधिक परिचयाचे असेल. यशवंतराव होळकरांनी सी. के. नायडूंना इंदुरात आणले. मुश्ताक अली, सरवटे, निंबाळकर असे खेळाडू जमवले आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान गेले आणि काही वर्षांत तो संघही इतिहासजमा झाला. आश्रयदात्याच्या छायेत वाढलेल्या वेलीचे असेच होते. ती पाहता पाहता उंच चढते, पण तिचा मांडव दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

भोपाळ संस्थान 1 जून 1949 रोजी भारतीय संघराज्यात विलीन झाले. फाळणीचा घाव याआधीच बसला होता. 1948 साली लंडनला भारतासाठी सुवर्णपदक मिळवणारे लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे भोपाळच्या हॉकीतले खेळाडू 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या संघात होते. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला एका गोलने हरवले. एकाच माणसाच्या पेटीत एका देशाचे सुवर्ण आणि दुसऱ्या देशाचे रौप्य, असा तो काळ.

तरीही भोपाळची हॉकी संपली नाही, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. राजाश्रय गेला, पण गल्ल्या राहिल्या. बापाची काठी मुलाच्या हाती येत राहिली. इनाम-उर-रहमान 1968 मध्ये मेक्सिकोला खेळले. अहमद शेर खाँ यांचे पुत्र अस्लम शेर खाँ यांनी 1975 च्या विश्वचषकात, क्वालालंपूर येथील उपांत्य सामन्यात, भारत मलेशियाच्या मागे असताना अखेरच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. त्या गोलाने भारत तरला आणि पुढे विश्वविजेता झाला. त्या दिवसांत भोपाळच्या मुलाला हॉकीची ओढ लावावी लागत नव्हती. ती हवेतच होती.

पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. ही घटना भोपाळसारख्या शहरांना सर्वांत महाग पडली. मातीचे मैदान मोहल्ल्याला परवडते. कृत्रिम मैदानाला कोट्यवधींचा खर्च, खाली काटेकोर बांधलेला पाया, खेळाआधी भरपूर पाणी आणि काही वर्षांनी सगळा गालिचाच नवा, असा थाट लागतो. हे कोणत्या मोहल्ल्याच्या क्लबाला झेपावे? जो खर्च करील त्याच्या हाती खेळ जाणार, हे ओघानेच आले. त्यात 1983 च्या विश्वचषक विजयानंतर घरोघरच्या दूरदर्शन संचांवर क्रिकेटने ठाण मांडले. आणि 1984 च्या 2-3 डिसेंबरच्या रात्री विषारी वायूने रेल्वे स्थानकाभोवतालच्या जुन्या वस्त्यांवर जो घाला घातला, त्यानंतर कित्येक घरांना खेळाचा विचार करण्याइतका श्वासच उरला नाही. ओबेदुल्ला खाँ चषकाची परंपराही पुढे वारंवार खंडित होत राहिली.

2012 साली मात्र ऐशबागच्या गॅलऱ्या पुन्हा भरल्या. वर्ल्ड सिरीज हॉकी या नव्या साखळी स्पर्धेत आठ शहरांचे संघ होते. त्यांत पुणे आणि मुंबई यांच्याबरोबर 'भोपाळ बादशाह' होते. नेतृत्व भोपाळच्याच समीर दादकडे होते. मॉस्को ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार वासुदेवन भास्करन हे प्रशिक्षक होते. लोकांनी आपला संघ म्हणून त्याला डोक्यावर घेतले. पण स्पर्धा भरवणारी एक खासगी कंपनी आणि जुना हॉकी महासंघ एका बाजूला, तर आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेली 'हॉकी इंडिया' ही संस्था दुसऱ्या बाजूला, असा झगडा होता. 2 एप्रिल रोजी अंतिम सामना झाला. दुसरा हंगाम पुढे ढकलला गेला आणि पुन्हा कधी झालाच नाही. बादशाह एका ऋतूपुरते गादीवर बसले. 2013 पासून हॉकी इंडिया लीग सुरू झाली, मध्ये थांबली, 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. तिच्या संघांत भोपाळ नव्हते.

या ठिकाणी आम्हांला आयर्लंडमधील एका क्लबाची आठवण होते. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्स या नामांकित फुटबॉल क्लबाचे मैदान 1987 साली मालकांनी विकायला काढले. प्रेक्षकांनी बहिष्कार घातला, तरी मैदान गेलेच. आणि क्लब वीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाड थाटत फिरला. 2005 मध्ये तो कर्जात बुडू लागला, तेव्हा पाठीराख्यांनीच वर्गणी काढून त्याला आपल्या मालकीचे करून घेतले. 2009 साली टॅला या उपनगरात स्थानिक परिषदेच्या मालकीच्या मैदानावर तो एकदाचा स्थिरावला. तेथे संघ होता, मैदान नव्हते. ऐशबागला मैदान आहे. पण आठवड्याच्या आठवड्याला ज्याच्यासाठी घरातून निघावे असा संघ नाही. आम्हांला दुसरे दुखणे अधिक अवघड वाटते. मैदान पैशाने मिळते, पाठीराखे पैशाने मिळत नाहीत.

भोपाळात खेळाडू घडत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. राज्य शासनाच्या हॉकी अकादमीत ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी इटारसीजवळच्या शिवनगर चांदोन या खेड्यातल्या विवेक सागर प्रसादला हेरले. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघांत तो होता. नवाबाची जागा शासनाने घेतली, आणि एका अर्थाने उत्तम रीतीने घेतली. पण शासन खेळाडूला वाढवू शकते, प्रेक्षकाला नाही. अकादमीतला मुलगा देशाचा होतो. मोहल्ल्याचा होण्यासाठी त्याला मोहल्ल्याचा संघ लागतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे दुखणे परके वाटणार नाही. आपल्या किती गावांत मंडळाची इमारत भक्कम आहे, रंगमंच आहे, पडदा आहे, आणि नाटकाच्या दिवशी पहिल्या तीन रांगांपलीकडे खुर्च्या मोकळ्या आहेत! इमारत कोणाच्या नावावर आहे हे कागद सांगतो. संस्था कोणाची आहे, हे त्या खुर्च्या सांगतात.

भोपाळला जाल तेव्हा तलाव अवश्य पाहा. पण तिसऱ्या प्रहरी एक चक्कर ऐशबागची ठेवा, आणि चौकशी करून सामना असेल असा दिवस निवडा. सोबत घरातली मुले असू द्या. मैदानावर दोन साधे स्थानिक संघ खेळत असले तरी बसून पूर्ण सामना पाहा. नवाब, कंपनी आणि शासन यांच्यानंतर या खेळाला आता आश्रय मिळायचा तो गॅलरीत येऊन बसणाऱ्यांचाच.