ईदचा चांद आणि समुद्राचे उधाण

आपल्या घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा असतात. मोठ्या आकड्यातली तारीख शाळा, पगार आणि दूधवाल्याच्या हिशेबासाठी, तर कोपऱ्यातली लहान तारीख रोजे आणि ईदसाठी. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की ही लहान तारीख आणखी एक गोष्ट सांगते. समुद्र आज किती चढेल, याचा अंदाज तिच्यातच असतो.

आम्ही भाषा शिकवतो, विज्ञान नव्हे. पण मराठीच्या धड्यात ‘भरती-ओहोटी’ आली की उर्दूतला ‘मद्दो-जज्र’ शब्दही फळ्यावर लिहितो. कुरआन शिकणाऱ्या मुलांना मद ठाऊक असते. ती आली की आवाज लांबवायचा. मद म्हणजे ताणणे, लांबवणे आणि जज्र म्हणजे मागे सरणे. भरतीचे कारणही या ताणण्यातच आहे.

मुलांचा प्रश्न ठरलेला असतो. चंद्र पाणी ओढतो, तर ते त्याच्याच बाजूला चढायला हवे. मग चोवीस तासांत भरती दोनदा कशी? अशा वेळी आम्ही तीन मुलांना मैदानावर एका ओळीत पळायला लावतो. पुढचा जोरात, मधला बेताने, मागचा सावकाश. थोड्या वेळाने मधल्याला विचारले तर तो म्हणतो, पुढचाही लांब गेला आणि मागचाही लांब राहिला. पृथ्वी म्हणजे तो मधला मुलगा. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून पाणी दोन्ही बाजूंना ताणले जाते. पृथ्वी फिरते तसा आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. तेवढ्यात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन भरतींत सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर पडते आणि भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते.

सूर्यही ओढतो. त्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या ओढीपेक्षा पावणेदोनशे पटीने जास्त आहे. तरी भरती आणण्यात त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, कारण इथे एकूण ओढ महत्त्वाची नसून दोन बाजूंच्या ओढीतला फरक महत्त्वाचा. चंद्राच्या अंतराच्या मानाने पृथ्वीची रुंदी तिसावा हिस्सा आहे. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटरवर. तिथून पृथ्वीची अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू जवळपास सारखीच.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांचा ताण एक होतो आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. अल-बिरूनीने हिंदुस्थानवरच्या ग्रंथात सोमनाथचे जाणकार चंद्राच्या उगवण्या-मावळण्यावरून रोजची भरती आणि चंद्रकलांवरून महिन्याची चढउतार ओळखतात, अशी नोंद केली आहे. त्यामागचे गुरुत्वाकर्षणाचे गणित न्यूटनने 1687 मध्ये मांडले.

आता आपल्या तारखांकडे पाहू. समुद्राचे सर्वांत मोठे उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. ईदचा चांदही अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीच दिसतो. म्हणजे रमजान ईद आणि उधाण दर वर्षी बरोबरच येतात, मग ईद उन्हाळ्यात असो की पावसाळ्यात. बकरी ईद दहाव्या तारखेला, म्हणून तेव्हा समुद्र बराच शांत असतो. शबे-बरातला चांद पुरा असतो आणि पाणी पुन्हा चढलेले असते.

भरतीच्या वेळेसाठी मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. 26 जुलै 2005 चेच उदाहरण घ्या. पौर्णिमेला पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. त्या दुपारी मुंबईत भरती त्याच सुमारास आली आणि सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याला समुद्रात उतरायला वाट राहिली नाही.

आपल्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते. पंधराच्या पुढे गेले तर त्यातून पंधरा वजा करायचे. पहिल्या शव्वालला दोनची पाऊणपट दीड. म्हणजे ईदला दुपारी दीडच्या आसपास पूर्ण भरती आणि मगरिबच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा अंदाजच, खाडीत वेळ बदलते. पण आपली कुटुंबे शीरखुर्मा आटोपून, पाहुणे उरकून समुद्रावर निघतात ती नेमकी संध्याकाळी. त्या वेळी पाणी दूर गेलेले, वाळू मोकळी, एरवी बुडालेले खडक उघडे. पोरे नव्या कपड्यांत थेट टोकाच्या खडकापर्यंत जातात. उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरपेक्षाही जास्त चढते. परतताना पहिल्या तासात ते फारसे जाणवत नाही, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून चढण्यापैकी निम्मे चढते, तेही अंधारात. खडकावर बसलेल्याच्या मागची वाट आधी बुडते.

ईदला समुद्रावर जरूर जा. निघण्यापूर्वी भरतीची छापील वेळ पाहा, किनाऱ्यावरच्या कोळी किंवा दालदी भावाला विचारा, आणि पाण्याने तोंड फिरवले की मुलांना हाक मारून वाळूवर बोलवा. मुले कुरकुरतील. त्यांना त्या तीन पळणाऱ्या मुलांची गोष्ट सांगा, म्हणजे हाक कशासाठी मारली ते त्यांना कळेल.