नक्कल आणि रुजुवात

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी मार्गदर्शन करण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे, आणि वाङ्मयचौर्याविषयी मला जे काही थोडेफार उमगले आहे, ते बहुतांशी या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या चाळताना उमगले आहे. लबाडीच्या उघड हेतूने दुसऱ्याची पृष्ठेच्या पृष्ठे उचलणारे महाभाग माझ्या वाट्याला आले नाहीत असे नाही. परंतु त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही, कारण त्यांचा मामला शिक्षेचा आहे आणि शिक्षेचे मुखत्यार वेगळे आहेत. माझे कुतूहल आहे ते दुसऱ्या, संख्येने कितीतरी मोठ्या वर्गाविषयी. जो रात्रंदिवस खपतो, कोणाचे काही लुबाडावे असे ज्याच्या स्वप्नातही येत नाही, आणि तरीही अखेर ज्याच्या झडतीत दुसऱ्याचा माल सापडतो.

अशा वर्गातील एका विद्यार्थिनीने पेशवाईतील एका परगण्याची महसूलव्यवस्था हा विषय घेतला होता. तिचे आजोळ त्याच परगण्यातले असल्यामुळे गावांची नावे, ओढे, शिवा तिला पाठ होत्या आणि कामाचा उत्साहही दांडगा होता. तिचे दुसरे प्रकरण वाचताना मी एका पत्राच्या कालनिर्णयापाशी थांबलो. पत्र मोहरम महिन्यातले, सुहूर सन समान खमसैन मया व अलफ, म्हणजे 1158 मधले. आणि तिने इसवी सन दिला होता 1758. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतो; तेव्हा जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला 599 मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला 600. त्या साली मोहरम सप्टेंबर-ऑक्टोबरात पडला होता, म्हणून पत्र 1757 मधले ठरते. ही चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. परंतु याच पत्राबाबत हीच चूक एका जुन्या, बऱ्याच नावाजलेल्या ग्रंथातही आहे हे मला ठाऊक होते, आणि विद्यार्थिनीच्या तळटीपेत मात्र त्या ग्रंथाचा निर्देश नसून, मूळ पत्र ज्यात छापले आहे त्या साधनखंडाचाच हवाला मोठ्या ऐटीत दिलेला होता. दुसऱ्याचे खरे उचलले तर ते एक वेळ लपून जाते, कारण सत्य सर्वांच्या मालकीचे असते. दुसऱ्याची चूक मात्र आपल्या धन्याचे नाव सांगितल्यावाचून राहत नाही.

मी तिला बोलावले आणि आरोपाचा एकही शब्द न काढता टिपणवही मागितली. वही सुवाच्य होती, नीटनेटकी होती, आणि तिच्यात पृष्ठांक नावाला नव्हता. ग्रंथकाराची वाक्ये, त्या वाक्यांचा तिने केलेला संक्षेप आणि मध्येच तिला स्वतःला सुचलेले विचार, असे सर्व एकाच शाईने, एकाच ओळीत, अवतरणचिन्हांच्या कुंपणावाचून एकमेकांत मिसळून गेले होते. टिपणे काढली होती पावसाळ्यात आणि प्रकरण लिहिले दिवाळीच्या सुटीत. मधल्या काळात कोणते वाक्य कोणाचे ही स्मृती पुसली जाणे अगदी स्वाभाविक होते. तिला मी तो जुना ग्रंथ उघडून दाखवला तेव्हा ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, हे वाक्य माझंच आहे असं मला वाटत होतं." मी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि आजही ठेवतो. चौर्य घडले होते ते दिवाळीत नव्हे. ते पावसाळ्यात, टिपण काढतानाच घडून गेले होते, आणि लिहिताना तिने केवळ त्याच्यावर शिक्कामोर्तब केले होते.

ज्या काळाचा ती अभ्यास करीत होती त्या काळचे कारकून या बाबतीत आपल्याहून दक्ष होते. दफ्तरातील एखाद्या कागदाची प्रत करावयाची झाली म्हणजे ती नक्कल आहे आणि अस्सलाबरहुकूम आहे, असा शेरा तिच्यावर घालण्याचा दस्तूर होता; वाचणाऱ्याला अस्सल पाहावयाचे असेल तर त्याने ते कोठे पाहावे हे त्यावरून कळे आणि रुजुवात घेता येई. मी तिला एवढेच सुचवले की, वहीचे डावे पान परक्या शब्दांचे, तेथे प्रत्येक वाक्य अवतरणात आणि पृष्ठांकासह. उजवे पान तिचे स्वतःचे. आणि उजव्या पानावर काही लिहावयाचे ते समोरचे पुस्तक मिटून. यात नवे असे काही नाही. परंतु लेखनाच्या शुचितेवर तासन् तास व्याख्याने देणारे आपण प्राध्यापक विद्यार्थ्याची टिपणवही किती वेळा मागतो, हा प्रश्न कोणी विचारला तर अनेकांची अडचण होईल.

प्रकरण पुन्हा लिहून आले. 'महसूल'च्या जागी 'सारा' आला होता, 'दुष्काळ'च्या जागी 'अवर्षण'. कर्तरी वाक्ये कर्मणी झाली होती. परंतु विचारांचा क्रम, दाखले आणि दाखल्यांवरून काढलेला निष्कर्ष पूर्वीचाच होता. मला आनंदवर्धनाचे स्मरण झाले. नवव्या शतकातील या काश्मिरी पंडिताने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या काव्यांतील साम्य तीन प्रकारचे मानले आहे: बिंबाचे आणि प्रतिबिंबाचे, वस्तूचे आणि तिच्या चित्राचे, आणि दोन सारख्या देहधाऱ्यांचे. पहिली दोन त्याने त्याज्य ठरवली आणि तिसऱ्याला मुभा दिली, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन माणसांचा आत्मा निराळा असतो. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांची याहूनही सूक्ष्म वाटणी केली. काव्याचे कायदे प्रबंधाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कवीवर तळटीप देण्याचे बंधन नसते, हे मान्य. पण शब्द बदलल्याने हरण टळत नाही, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी ज्ञात होते. हे सर्व ऐकून ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे माझं अजून चित्रच झालंय."

मग मी तिला पुण्याला, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात पाठवले. तेथे तो साधनखंड तिने प्रथमच हातात घेतला, आणि परत आली ती निराळ्याच मुद्रेने. जुन्या ग्रंथकाराने पत्राचा अर्धाच भाग उद्धृत केला होता. त्यावरून सरकारने एका गावाचा सारा माफ केला असे दिसत होते; उरलेल्या ओळींत मात्र निम्मीच रक्कम माफ असून निम्मी तहकूब आहे आणि ती पुढील सालच्या वसुलात घ्यावी, असे स्पष्ट लिहिले होते. ज्या औदार्यावर तिने प्रकरणाचा कळस चढवला होता ते औदार्यच निम्म्याने कमी झाले. प्रकरण तिसऱ्यांदा लिहावे लागले, आणि या वेळी मला त्यात हात घालावा लागला नाही.

दुसऱ्याच्या मजकुराशी असलेले साम्य मोजणाऱ्या यंत्राची हकीकत त्याहून मनोरंजक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावयाचे. 60 पर्यंत एक वर्ष बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. तिच्या प्रकरणाचा पहिला, सदोष मसुदा टंकलेखन केंद्रात एका जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित झाला होता. असा मजकूर कागदावर मराठी दिसला तरी यंत्राला तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक समूह वाटतो. त्यामुळे अहवालात साम्य शून्य निघाले होते. तिसरा मसुदा तिने स्वतः युनिकोडमध्ये टंकित केला, मूळ पत्रे अवतरणांत पूर्ण दिली, आणि साम्य दहाच्या वर गेले. कचेरीतून फाईल शेरा मारून परत आली. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे त्याच विनियमांनी मोजणीतून वगळली आहेत, हे अहवाल काढणाऱ्याने पाहिले नव्हते. मी कैफियत लिहिली, प्रत्येक अवतरणापुढे त्याच्या तळटीपेचा क्रमांक मांडला आणि मोजणी पुन्हा करवली. तेव्हा कोठे मंजुरी आली.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी टक्केवारीचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले ते इतकेच की, एवढ्या नावाजलेल्या ग्रंथात 1758 असताना तुम्ही 1757 कोठून आणलेत. आणि ती मोहरम महिन्यापासून सांगू लागली.