मंद आच

सांगलीची हळद सगळ्यांना ठाऊक. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद काढण्याआधी जो पाला कापतात, त्याचा वास मळ्यात वाढलेल्यांनाच ठाऊक. माझी आई त्यांतली. गुडघ्यांमुळे तिचं माहेरी जाणं आता बंदच झालंय. साताऱ्याहून सांगली काही फार लांब नाही, पण तिच्यासाठी लांबच.

यंदा मामांनी दोन पोती पाला पाठवला. म्हटलं, घरीच अर्क काढू. स्टीलचा मोठा डबा, तळाशी पाण्यात २००० वॅटची कॉइल, वर चाळणीवर पाला, झाकणातून निघालेली तांब्याची नळी गार पाण्याच्या बादलीतून बाहेर. पहिल्या पोत्याची मी पार वाट लावली. पाणी खदखदलं, बादली तापली आणि नळीतून थेंबांऐवजी वाफच फुसफुसायला लागली. घरभर घमघमाट, बाटली रिकामी!

मग थर्मोस्टॅट लावून बघितला. तोही निरुपयोगी. साताऱ्याच्या उंचीवर उकळतं पाणी ९७-९८ अंशांवर ठाण मांडून बसतं, कॉइल ५०० वॅटची असो की २००० ची. आच वाढवली तर तापमान वाढत नाही, वाफ वाढते. १००० वॅटला तासाला साधारण दीड लिटर पाण्याची वाफ होते, २००० ला तीन. माझ्या बादलीला तीन झेपत नव्हतं, एवढीच गोष्ट.

पंख्याचा रेग्युलेटर जोडायला निघालो होतो. नशीब, आधी फोन केला. मामांचा जन्म मोटारी रिवाइंड करण्यात गेलेला.

"मामा, रेग्युलेटर लावू का?"

"अरे, तो पंख्यापुरता. जळंल की! तसलीच दुसरी कॉइल आण अन् दोन्ही सिरीजमध्ये जोड. भात शिजत आला की आच बारीक करतोस का नाही?"

गणित सोपं आहे. दोन्ही कॉइलना निम्मं निम्मं व्होल्टेज मिळतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गात बदलते, म्हणून प्रत्येकी ५००, मिळून १००० वॅट. याच वर्गामुळे दुपारी व्होल्टेज २३० वरून १९० वर घसरलं की १००० चे ६८० होतात आणि धार आपोआप बारीक होते. वायरमनकडून चेंजओव्हर आणि अर्थिंग करून घेतलं. उकळी येईपर्यंत एकच कॉइल, पूर्ण २००० वर. नंतर दोन्ही सिरीजमध्ये. कॉइल पाण्याखाली आहेत ना आणि नळी मोकळी आहे ना, हे बघत तिथंच बसून राहायचं.

दुसरं पोतं शेवटचं होतं. हे गेलं असतं तर पुढच्या वर्षापर्यंत वाट. तीन तास टप टप थेंब पडत होते. बाटलीत पाण्यावर तेलाचा पातळसा थर आला.

आईनं बाटली नाकाशी धरली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादानं यंदा पाला जरा लवकरच कापलाय."

असो. पुढच्या वर्षी मामांना तसं सांगायला हवं.