उणे दीडशे व्होल्ट

जुना ऑसिलोस्कोप हाती आला की लोक आधी प्लग लावून बघतात. मी तसं करत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बिघडलेले असू शकतात. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर ते फुटतात, कधी ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतात. म्हणून ते सुटे करायचे, मध्ये रेझिस्टर घालून व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि गळती मोजायची. जो सुधारत नाही तो बदलायचा. घाई केली की यंत्र गेलं.

सध्या टेबलावर टेक्ट्रॉनिक्सचा ५४५ए आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या कंपनीचा, व्हॉल्व्हवर चालणारा. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये पाच नियंत्रित व्होल्टेज आहेत: उणे १५० आणि अधिक १००, २२५, ३५०, ५००. उणे १५० हे बाकी चौघांचं माप. ते हललं की सगळी हलतात. त्यामुळे बिघाड ५००मध्ये दिसला तरी मीटर आधी उणे १५०वर लावायचा. नियत आणि अमल यांचं नातं लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलं होतं. इथे ते काट्यावर दिसतं.

या यंत्रातली जोडणी चिनी मातीच्या पट्ट्यांवर आहे. पट्टीच्या खाचांना आतून चांदी लावलेली असते. साधं सोल्डर पुन्हा पुन्हा वापरलं तर ती चांदी विरघळते आणि टाका धरत नाही. तिथे चांदी मिसळलेलंच सोल्डर हवं. कंपनीने त्याचं छोटं रीळ यंत्राच्या आतच ठेवून दिलं. जो कारागीर आपल्याला कधी दिसणार नाही, त्याची ही सोय. अमानत म्हणजे काय, याचं इतकं साधं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाजारातला सल्ला वेगळा असतो. ‘भाई, आत स्वस्तातला एसएमपीएस टाका, वरून पॉलिश मारा, ओरिजिनल म्हणून विका. उघडून कोण बघतंय?’ मालातला ऐब झाकून विकणं नाजायज आहे, हे आपल्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण इमानाची परीक्षा उघड्या दुकानात कमी आणि बंद झाकणाखाली जास्त होते.

मी आत एक चिठ्ठी चिकटवतो: कोणता कंडेन्सर बदलला, कधी, कोणतं व्होल्टेज किती मिळालं. जे जमलं नाही तेही त्यात लिहितो. चिठ्ठीमुळे किंमत कधी कधी उतरते. उतरू दे. रिळावरचं थोडं सोल्डरही पुढच्यासाठी राखून ठेवतो.